वाघबारशीचं वासरू

वसुबारस आली की आमच्या घरात पहिला बळी चहाचा जातो. त्या दिवशी गाईचं दूध घ्यायचं नाही, ते वासराच्या वाट्याचं, हे माझ्या आईचं शिकवणं. त्यामुळे सकाळी नवऱ्यापुढे कोरा चहा येतो आणि तो दरवर्षी कपात बघून विचारतो, "पिशवीतलं दूध म्हशीचंही असू शकतं ना?" मी दरवर्षी सांगते, पिशवीवर गाय छापलेली आहे. "पिशवीवरची गाय हसतेय," तो म्हणतो. "खरी गाय हसताना कधी बघितलीस?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या संवादात आम्ही एका शब्दाचाही फरक केलेला नाही. परंपरा टिकवायची तर अशी टिकवावी.

आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. नवऱ्याला तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी माहेरची ट्रंक, मिक्सर आणि अन्नपूर्णा घेऊन बोईसरला आले. आमच्या वसाहतीच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून धुराडी दिसतात आणि पूर्वेच्या खिडक्यांतून डोंगर. वारा पश्चिमेचा असला की पाहुण्यांना आम्ही पूर्वेच्या खोलीत बसवतो. तरी पाहुणे नाक उडवत विचारतातच, कसला गं वास येतोय. आम्हाला तो आता येत नाही.

वसाहतीत सगळा महाराष्ट्र भरलाय. कुणी जळगावचं, कुणी नांदेडचं, कुणी चंद्रपूरचं, आणि शेजारी केळव्याच्या वहिनी, ज्यांच्या मते आम्ही बाकीचे सगळे काल आलेलो. प्रत्येकीने माहेराहून आपापला मसाला आणलाय, आपापले देव आणलेत आणि खरी पद्धत ती आमचीच हा विश्वासही बांधून आणलाय. वसुबारसेला माझ्याकडे बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. वरच्या मजल्यावर गहू चालत नाही, समोरच्या इमारतीत तवा चढत नाही. केळव्याच्या वहिनींकडे यातलं काहीच नाही. "कारीट फोडलं की आमची दिवाळी सुरू," त्या सांगतात. "त्याच्या आधीचं सगळं तुमचं तुम्ही बघा."

एकमत फक्त गाईवर. गाय मावशीचीच.

मावशी वारली आदिवासी. कालव्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तिचा पाडा. पावसावरचं थोडं भात, एक कुडाचं घर, आणि नवरा गेल्यापासून घरात ती आणि तिची गाय. बाजाराच्या कोपऱ्यावर गोणपाट टाकून ती बसते. पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी, मग थंडीपर्यंत काकड्या, दिवाळीला करांद्याचे कंद. मी तिला "अहो मावशी" म्हणते आणि ती मला "तू ताई" म्हणते. ती सगळ्यांनाच "तू" म्हणते. बँकेच्या मॅनेजरला म्हणते, पोलिसाला म्हणते, आणि आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनाही म्हणते. त्या निवृत्त मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांना ते ऐकताना दरवेळी थोडं दुखतं.

कितीतरी वर्षं वसुबारसेला मावशी गाय आणि वासरू घेऊन कालव्याच्या रस्त्याने आमच्या फाटकाशी यायची. जेवणं झाली की लगेच, टळटळीत उन्हात. आम्ही घामाघूम होऊन गाईच्या पायांवर पाणी घालायचो, हळदकुंकू वाहायचो, उडदाचे वडे भरवायचो. गाय वडे खायची, झेंडूचे हार खायची, एकदा तर माझ्या ओढणीचं टोक खाल्लं. सगळं उरकलं की मावशी दोरी उचलून निघायची. आम्हाला वाटायचं, बाईला घाईची सवय आहे.

मागल्या थंडीत मावशीचं वासरू गेलं. इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघ डोंगरातून उतरला आणि गोठ्यातून वासरू उचलून नेलं. हे तिने मला बाजारात सांगितलं, आवाज न चढवता, न रडता. मी काकड्या घेत होते. सांगता सांगता ती तराजूत काकड्या घालत गेली आणि घालतच राहिली. पारडं जमिनीला टेकलं तरी तिचं लक्ष नव्हतं. पिशवी घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून मीच रडले.

यंदा श्रावणात गाय पुन्हा व्याली. तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. मावशीने ही बातमी मला रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगितली. रिक्षावाले वळून बघायला लागले, इतकी ती खुश होती.

आणि नेमकं याच वर्षी आमच्या सेक्रेटरीबाईंना एकजुटीचा झटका आला.

सेक्रेटरीबाईंची थट्टा करायचा मोह मला आवरत नाही, पण बाई मनाने खोटी नाही. त्या जळगावकडच्या. नवरा नाही, एकुलता एक मुलगा परदेशात. घरात बोलायला कुणी नाही म्हणून सगळं बोलणं त्या मंडळात आणून बोलतात. त्यांचं दुखणं असं, की आपल्या मुलांना आपलं काही माहीत नाही. "वसुबारस म्हणजे काय विचारलं तर मुलं म्हणतात, सेल लागतो तो दिवस," त्या बैठकीत म्हणाल्या. "आपण हिंदू म्हणवतो, पण एका जिन्यात चार पद्धती. यंदा एक वेळ, एक पूजा, एक कहाणी. सगळ्या मिळून."

हे मला पटलं. माझ्या आईची कहाणी माझ्या मुलीला येत नाही, हे मलाही टोचतं. मी टाळी वाजवणाऱ्यांत पहिली होते.

मग एक कहाणी कुठली, यावर चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, सगळ्या एकदम बोलत होत्या. एकीच्या कहाणीत सासू दुष्ट, दुसरीच्या कहाणीत सून. एकीकडे राजा होता, तो बाकी कुणाच्याच कहाणीत नव्हता आणि त्याचं पुढे काय झालं ते तिलाही आठवत नव्हतं. शेवट मात्र सगळ्यांचा सारखा निघाला. गेलेलं वासरू परत येतं आणि उड्या मारत आईकडे जातं. सेक्रेटरीबाईंनी तिथे मुख्याध्यापिकेसारखी टेबलावर टिचकी मारली. "ठरलं. मधलं कसंही सांगा, शेवट हाच."

वेळ ठरली संध्याकाळची. नोकरीवाल्या बायका तेव्हा घरी येतात, आणि गाई परतण्याची वेळ म्हणजे शास्त्राप्रमाणे तीच खरी. मांडव, माईक, पालघरहून येणारे एक वक्ते, आणि "आपली संस्कृती, आपली एकजूट" असं लिहिलेला खोलीच्या लांबीचा बॅनर. मावशीला निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं.

मावशी करांदे मांडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सांजचं नाय जमायचं, ताई."

"एकच दिवस, मावशी."

"त्याच दिसाचं नाय जमायचं. आमची वाघबारस असती."

इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने कधी सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी आम्ही गाय पुजतो, त्याच दिवशी तिचा पाडा वाघ पुजतो. शिवेवर वाघोबाचा दगड आहे. ज्याच्या गोठ्यात जनावर, त्याच्या घरचा दिवा तिथे लागला पाहिजे, आणि तो उजेड आहे तोवर लागला पाहिजे. त्या संध्याकाळी वाघ खाली उतरतो आणि दिवे बघतो. ज्या घरचा दिवा दिसला, त्या घरच्या जनावराला वर्षभर हात लावत नाही.

"मागल्या साली मला अंधार पडला जरा," ती करांद्यांची माती झटकत म्हणाली. "यंदा नाय पडू द्यायचा. एकच हाय ती कालवड."

मागल्या वर्षी अंधार का पडला होता ते मला आठवलं. पूजा झाल्यावर आमचे फोटो संपत नव्हते. कुणीतरी सारखं म्हणत होतं, मावशी, अजून एक, गाईची मान जरा इकडे. तिने त्याबद्दल ब्र काढला नाही, आणि मी तिथे उभी राहून करांदे निवडत असल्याचं नाटक केलं.

मी बैठकीत जाऊन सांगितलं, तर आधी हशा पिकला. आपण गाय पुजायची आणि त्यांनी वाघ, म्हणजे उलटीच गंगा, असं एकजण म्हणाली. सेक्रेटरीबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पण हे आपल्यात येतं का?"

"आपल्यात म्हणजे कशात?" मी विचारलं.

"म्हणजे धर्मात. वाघाला कोंबडं देतात ते. शास्त्रात कुठे आहे?"

केळव्याच्या वहिनी बरेचदा बैठकीत विणकाम करतात आणि बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्या वाडीत राखणदाराला नारळ दिल्याशिवाय कुणी माडावर चढत नाही. तेही शास्त्रात नसेल. मग आम्ही कशात बसतो ते पण आजच ठरवा, म्हणजे मला विणकाम आवरून घरी जाता येईल."

माझं डोकं तापलं होतं. मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं मात्र म्हणाले, की ज्या बाईच्या गाईवर आपली वसुबारस इतकी वर्षं उभी आहे, तिला बाहेर ठेवून कसली एकजूट करताय. सेक्रेटरीबाईंनी शांतपणे सांगितलं, की भावनेच्या भरात नियोजन होत नाही, आणि एका गोशाळेची सजवलेली गाय टेम्पोने येते, तिची त्या चौकशी करतील. मी घरी येऊन नवऱ्यावर भांडी आपटली. त्याचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला सगळं सांगून टाकलं. लपवायचं माझ्याच्याने झालं नाही. "त्या विचारतायत, तुमचं आमच्यात येतं का," मी म्हणाले.

मावशीने जरा विचार केला. "आमी वारली," ती म्हणाली. "तुमच्यात येतो का नाय, ते तुमी बसून ठरवा. तुमाला येळ हाय. मला दिवा लावायचाय."

वसुबारसेच्या दिवशी दुपारी टेम्पो आला. गाय खरोखर देखणी होती. पांढरी, शिंगांना सोनेरी रंग, पाठीवर आरशांची झूल. सेक्रेटरीबाई नवी पैठणी नेसून फाटकाशी उभ्या होत्या. बायका ताटं घेऊन खाली उतरल्या. मीही उतरले, रागावलेली असले तरी बघायला कोण सोडतं. टेम्पोवाल्याने फळी लावली, गाय राणीसारखी उतरली, आणि त्याने फळी उचलून टेम्पोचं दार लावून टाकलं.

"वासरू?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"कौन सा वासरू?" तो म्हणाला. "गाय बोला था, गाय लाया."

वसुबारसेला गाय एकटी चालत नाही. पूजा असते ती वासरासह गाईची, सगळा दिवसच त्या दोघांचा. हे मांडवातल्या प्रत्येक बाईला जन्मापासून माहीत होतं. माईक, वक्ते, बॅनर, झूल, सगळं ठरवलं, आणि वासरू सांगायचं राहिलं. इतक्या वर्षांत ते कधी सांगावंच लागलं नव्हतं, मावशीच्या गाईमागून ते आपोआप यायचं. हा घोळ फक्त आमच्याच वसाहतीत होऊ शकतो.

सेक्रेटरीबाईंचा चेहरा बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या पैठणीत उभ्या राहून हातातल्या आरतीकडे बघत होत्या. दिवाळीत दारात वाट बघणाऱ्या बाईचा चेहरा कसा असतो ते मला माहीत आहे. त्यांचा मुलगा यंदाही येणार नव्हता.

"चला," मी म्हणाले. "वासरू आहे. पण ते इकडे येणार नाही, आपल्याला जावं लागेल. आणि आत्ता निघावं लागेल."

निम्म्या आल्या नाहीत. कुणाच्या चपला नव्या, कुणाला कोंबडं बघवणार नव्हतं. बाकीच्या आम्ही रिक्षांत बसलो, मांडीवर ताटं घेऊन. सेक्रेटरीबाई माझ्याच रिक्षात होत्या आणि बॅनर गुंडाळून पायाशी घेतला होता. "फोटोला लागेल," त्या म्हणाल्या. वाटेत वक्त्यांचा फोन आला. ते पोहोचले होते, मांडवात वॉचमन आणि एक गाय एवढेच होते. सेक्रेटरीबाईंनी त्यांना सांगितलं, स्थळ बदललंय, आपण गाईसमोर दोन शब्द बोलून घ्या.

पाड्यात भात कापून पडलं होतं आणि खळी सारवून ठेवली होती. मावशी अंगणात दिव्याची वात वळत होती. पैठण्या आणि ताटं बघून ती उठली. चकित झाली असली तरी तिने दाखवलं नाही. गोठ्यातून कालवड आम्हाला बघायला पुढे आली, पांढरा ठिपका वर करून.

"या," मावशी म्हणाली. "पन आधी वाघोबा. मंग गाय."

माझं लक्ष सेक्रेटरीबाईंकडे. त्यांनी पश्चिमेला पाहिलं. ऊन पिवळं पडायला लागलं होतं. "चला मग," त्या म्हणाल्या, "उशीर कशाला?"

शिवेवर एका ऐनाच्या झाडाखाली तो दगड होता. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य, आणि सगळ्यावर शेंदूर. पाड्यातली माणसं आधीच जमली होती. कोंबड्याचं त्यांनी बाजूला उरकलं, तेवढा वेळ चंद्रपूरच्या वहिनींनी डोंगराकडे फार मन लावून पाहिलं. एकेका घरचा दिवा लागत गेला. मावशीची पाळी आली आणि वारा सुटला.

तिने काडी ओढली, विझली. पुन्हा ओढली, वात धरेना. उजेड झपाट्याने जात होता. इतकी वर्षं बाजारात जिला कधी घाबरलेलं पाहिलं नाही, ती काडीमागून काडी ओढत होती. "नाय लागत," ती म्हणाली, कुणालाच नाही, दगडाला.

"आडोसा करा गं!" सेक्रेटरीबाई ओरडल्या, अगदी प्रार्थनेच्या मैदानावर ओरडाव्या तशा, आणि काखेतला बॅनर उलगडला. आम्ही चौघी-पाचजणींनी तो धरला. पैठणीचा पदर खोचून सेक्रेटरीबाई मातीत गुडघे टेकून बसल्या आणि दिव्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली. मावशीने काडी ओढली. वात धरली. बॅनरचा इतका चांगला उपयोग मी आजवर पाहिलेला नाही.

दिवा नीट उभा राहीपर्यंत कुणी हललं नाही. मग मावशीने मोठा श्वास सोडला आणि तिथेच बसली. आम्हीही बसलो. सेक्रेटरीबाईंना सवयीने वाटलं, आता कहाणी हवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण त्या दगडासमोर गाईची कहाणी सुरू करणं मला जमेना. मी मावशीकडे पाहिलं.

"एक बाय व्हती," मावशी म्हणाली. "तिला पोर झालं. चांगलं व्हतं पोर. मोठं झालं, गुरं राखाया जायाला लागलं. घरी असलं का पोर, रानात गेलं का वाघ. तिला ठावं नव्हतं. एक दिस त्यानं वासरू खाल्लं. गाव उठलं, काठ्या घेतल्या. ही आडवी झाली. म्हनली, माजं पोर हाय, मारू नका. भुकेनं खाल्लं. वरसातून एक डाव तुमच्या हातानं त्याला द्या, मी सांगते त्याला, तुमच्या गुरांना हात नाय लावायचा. मंग पोराला म्हनली, तू आता डोंगरात ऱ्हा. ते रडाय लागलं. तिला बगवना. म्हनली, रडू नको, मी बी तितंच येते. तवापासून ती डोंगरात हाय, तो रानोमाळ फिरतो. तो आज खाली येतो, दिवा बगतो, आपली आठवण हाय म्हनतो, नि आयेकडं जातो."

मग सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "वर्षातून एकदाच खाली येतो?"

"एकदाच."

"आणि बाकी वर्षभर ती आई?"

"वाट बगते," मावशी म्हणाली. "तू नाय का बगत?"

मावशीला सेक्रेटरीबाईंचं घर, मुलगा, काही माहीत नव्हतं. ती सगळ्यांशीच असं बोलते. पण त्या दिवशी "तू" म्हटलेलं सेक्रेटरीबाईंना दुखलं नाही. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि धूर फार होतोय असं म्हणाल्या. धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

मग अंगणात येऊन आम्ही गाय पुजली. कालवडीने माझं ताट उलटं केलं आणि हळदकुंकवाने तोंड माखून घेतलं. पाड्यातल्या बायकांनी नव्या तांदळाच्या पिठात काकडी किसून पानात वाफवलेलं काहीतरी दिलं, ते इतकं चविष्ट होतं की गहू, तवा, सगळे नियम विसरून आम्ही खाल्लं. परतताना रिक्षात कहाणी पुन्हा सांगून झाली. वसाहतीच्या फाटकापर्यंत तिच्यात एक सासू आली होती. जिच्या कहाणीत राजा होता, तिने तो इथेही आणायचा प्रयत्न केला, पण तिला आम्ही गप्प केलं.

पुढे थंडी पडली. एका सकाळी दुधाची पिशवी कापत होते तोवर फोन वाजायला लागला. ग्रुपवर बातमी आली होती, कालव्यापलीकडे पाड्यात वाघ उतरला, लोक काठ्या घेऊन धावले. पहिला फोन सेक्रेटरीबाईंचा. नमस्कार नाही, काही नाही. "वासरू आहे ना?"

"मला काय माहीत, मी आत्ता..."

"मग जा ना! बसलीस काय!"

मी आहे तशी निघाले. रिक्षाभर फोन वाजत होता. चंद्रपूरच्या वहिनी, नांदेडच्या काकू, केळव्याच्या वहिनी, सगळ्यांचं एकच, वासरू आहे का. ज्यांना कोंबडं बघवणार नव्हतं, त्यांचाही फोन आला. कालवा ओलांडला तशी मी सीटच्या कडेला सरकून बसले. मला पारड्यात साचत गेलेल्या त्या काकड्या दिसत होत्या.

मावशी गोठ्याच्या दारात बसली होती. तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून कालवड उभी, ठिपक्यावर दव. मी रिक्षातून उतरता उतरताच रडायला लागले. मावशी हसली. "कोंबड्या नेल्या वरच्या घरच्या," ती म्हणाली. "हिला शिवला नाय. दारावरनं गेला. पाय उठलेत बग."

मी कालवडीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि सेक्रेटरीबाईंना फोन लावला. "आहे," मी म्हणाले. "धडधाकट आहे." पलीकडे त्यांनी देवाचं नाव घेतलं. मला वाटलं, आता ठेवतील. ठेवला नाही.

"आणि तो?" त्यांनी हळूच विचारलं. "लोक काठ्या घेऊन धावले म्हणे. त्याला कुणी मारलं नाही ना?"

मी फोन मावशीच्या कानाला लावला आणि सांगितलं, त्या दिवशी दिव्याला हात धरले होते ना, त्या विचारतायत वाघाचं.

मावशीने फोन दोन्ही हातांत धरला आणि डोंगराकडे बघत मोठ्याने सांगितलं, पलीकडे नीट ऐकू जावं म्हणून.

"नाय गं बाय. कुनी नाय मारला. गेला तो वर, आयेकडं."